गोदीमामांचा टाका

गोदीमामांच्या हातात पार्सल आलं की ते आधी कानाला लावायचे. उजव्या कानाला, कारण डाव्यानं त्यांना ऐकू येत नसे. डोळे मिटून ते पार्सल हलकेच हलवायचे, आणि आतून जराशी जरी खुळखुळ आली तरी समोरचा माणूस कितीही घाईत असो, शिवण उसवायला घ्यायचे. म्हणायचे, "बोलून राह्यलं हे. बोलणारं पार्सल पोचत नाही, बापा. रस्त्यानं सगळ्याईसंग बोलत जाते, अन् मंग फुटते."

आमच्या तालुक्याच्या गावच्या पोस्टाच्या व्हरांड्यात त्यांची जागा होती. खाली पोत्याचा तुकडा, शेजारी मांजरपाटाचा तागा, सुया, दाभण, दोऱ्याची रिळं, लाखेच्या कांड्या आणि ती वितळवायला एक चिमणी. पार्सल कापडात शिवायचं, शिवणीवर थोड्याथोड्या अंतरानं लाखेचे शिक्के मारायचे, पत्ता लिहायचा आणि परदेशी जाणारं असेल तर कस्टमचा फॉर्म भरायचा, हे त्यांचं काम. ते पोस्टाचे नोकर नव्हते. पोस्टाचा नोकर मी होतो. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीत जी गजांची खिडकी होती, तिच्या आत मी बसायचो.

मला त्यांचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

विदर्भ नव्या महाराष्ट्रात येऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी अमडापूरचा. मॅट्रिक होऊन पोस्टात लागलो आणि पार्सलची खिडकी मिळाली. नियमांचं जाडजूड पुस्तक मी महिन्याभरात पाठ केलं. कुठल्या देशात किती वजन चालतं, काय पाठवायला बंदी आहे, सगळं तोंडावर. आमच्या गावातून परदेशी पार्सलं रोज जात नसत, पण जात. विलायतेत शिकायला गेलेली दोन-तीन मुलं होती, आफ्रिकेत रेल्वेत नोकरीला असलेलं एक कुटुंब होतं, फाळणीनंतर कराचीला गेलेल्यांचे आईबाप आणि बहिणी आजूबाजूच्या खेड्यांत होत्या. शिवाय मिरचीचे व्यापारी कोलंबोला माल पाठवत. एवढ्या सगळ्यांना माझी गरज पडेल असं मला वाटलं होतं. पण लोक खिडकीशी यायचे ते फक्त पावतीपुरते. काय विचारायचं ते बाहेर मामांना विचारून झालेलं असायचं. मी बरोबर उत्तर दिलं तरी समोरचा माणूस मान वळवून व्हरांड्याकडे बघायचा. मामांनी मान हलवली की त्याला पटायचं.

मामा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गोदीत माल बांधायच्या कामावर होते, म्हणून गोदीमामा. तिथं दारूगोळ्याच्या बोटीचा जो मोठा स्फोट झाला त्यात त्यांचा डावा कान गेला आणि बरोबरीची माणसं गेली. "कापसाच्या गाठी वाहून राह्यलो म्हणे आमी," एवढंच ते सांगत. "गाठीच्या खाली काय हाय ते आमाले कोणी सांगतलंच नाही." त्यानंतर ते गावी परत आले. फॉर्मवर आत जे असेल ते आणि तेवढंच लिहायचं, ही त्यांची हट्टाची गोष्ट तिथून आलेली. कुणी म्हणालं, मामा, नुसतं 'भेटवस्तू' लिहून टाका, की ते हातातली लेखणी खाली ठेवत. "भेट म्हंजे काय? लाडू बी भेट, चाकू बी भेट. तिकडच्या साहेबानं काय समजाव? मंग तो सुई खुपसून पाह्यते, अन् तुह्या मायच्या हातच्या लाडवाचा भुगा करते. खरं लिव्हलं त तो उघडतच नाही."

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. गोदीत पोत्यांवर ब्रशनं लिहिता लिहिता मोठी अक्षरं आणि मालाची नावं तेवढी शिकले होते. पण ती अक्षरं अशी, की लंडनच्या पोस्टमनला अंधारातही वाचता यावीत. माझं अक्षर शाळेत पहिल्या नंबरचं. ते कुणी कधी पाहिलं नाही.

एकदा मिरचीचे एक मोठे व्यापारी कोलंबोच्या मालाच्या कागदांसाठी आले. मी स्वतःहून म्हणालो, शेटजी, इकडे द्या, मी भरून देतो. त्यांनी दिले. मी दुपारभर खपून एकही खाडाखोड न करता कागद तयार केले. ते घडी घालत शेटजी म्हणाले, "लय बेस झालं, साहेब. आता जरा मामाले दाखवून घेतो." मामांनी कागद पाहिलेच नाहीत. ते शेटजींबरोबर गोदामात गेले, पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मधली मिरची काढली आणि कानाशी धरून मोडली. आवाज आला नाही. "ओली हाय. बोटीच्या पोटात लय घाम सुटते. तिथं जाईस्तोर बुरशी धरंल. दोन दिवस ऊन द्या, शेटजी. पार्सल मुकं पाह्यजे अन् मिरची बोलकी." शेटजी चिडले, पण त्यांनी माल वाळवला. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका व्यापाऱ्यानं घाईनं धाडलेला माल मुंबईहून बुरशी लागून परत आला. गावभर मामांचं नाव झालं. माझ्या कागदांत एकही चूक नव्हती, हे मी घरी बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, "अन् मामाईले कसं समजलं हो, मिरची ओली हाय म्हणून?"

माझी बायको वडनेर भोलजीची. तिचा धाकटा भाऊ विलायतेत इंजिनिअरिंग शिकायला गेला होता आणि तिथल्या खाण्यानं अर्धा झाला होता. पहिल्या वर्षी तिनं त्याच्यासाठी काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कुरड्या आणि लिंबाचं लोणचं केलं. पार्सल मी स्वतः बांधलं, घरी बसून, पुस्तकात दिलं होतं तसंच. तीन महिन्यांनी मेहुण्याचं पत्र आलं. लोणच्याची बरणी फुटली होती, तेल सगळ्यात मुरलं होतं, आणि कुरड्यांचा चुरा झाला होता. 'पण वास घेऊन रडलो,' असं त्यानं लिहिलं होतं. बायको मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात तिनं पुन्हा सगळं केलं. मी म्हणालो, या खेपेला पत्र्याचा डबा आणतो, झाकणाला डाग देऊन बंद करून घेतो. ती हो म्हणाली. आणि दोन दिवसांनी दुपारी खिडकीतून माझ्यासमोर एक पार्सल सरकलं. शिवण मुंग्यांच्या रांगेसारखी सरळ. पत्ता मामांच्या मोठ्या अक्षरांत, आणि नाव माझ्या मेहुण्याचं. शिक्क्यांसाठी मामा ज्याची त्याची वस्तू वापरायला लावत. पोस्टाचा नियमच होता की शिक्का पाठवणाऱ्याचा स्वतःचा असावा, नाण्याचा ठसा चालत नाही. या पार्सलावरच्या लाखेत माझ्या बायकोच्या जोडव्याची नक्षी उमटली होती. पार्सल घेऊन शेजारची बाई आली होती. बायको स्वतः आली नव्हती.

मी वजन केलं, तिकिटं लावली, पावती फाडली. बाहेर मामा दुसऱ्याच कुणाचं पार्सल कानाला लावून बसले होते. त्यांना माहीत होतं की ती माझी बायको आहे, आणि त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझी लाज राखायलाच पाहिलं नसेल, असं आज वाटतं. तेव्हा वाटलं, हा माणूस मला मोजतच नाही. ते पार्सल विलायतेला सुखरूप पोचलं, एक कुरडईसुद्धा मोडली नाही.

मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोहिणखेडच्या झुलेखाबी आल्या. त्यांची एकुलती एक मुलगी कराचीला दिलेली होती आणि तिला दिवस गेले होते. पहिलंच बाळंतपण, आणि आई इकडे. झुलेखाबींनी आपल्या जुन्या रेशमी ओढण्यांची एक दुलई शिवली होती, झबली केली होती, टोपरी केली होती. मामांनी सकाळभर बसून ते पार्सल बांधलं. पावणेदोनला ते माझ्या खिडकीत आलं. पार्सलं दोनपर्यंत घेत.

मी फॉर्म पाहिला. 'बाळाचे कपडे, दुलई' असं लिहिलं होतं. झबली किती, टोपरी किती, ते लिहिलं नव्हतं. मामांच्या हातून असं कधी होत नसे. बहुतेक झुलेखाबी मुलीबद्दल बोलत होत्या आणि ते ऐकण्यात राहून गेलं असेल. इतक्या वर्षांत मला त्यांची चूक पहिल्यांदा सापडली होती. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू?

"नग लिहिलेले नाहीत," मी म्हणालो. "नवा फॉर्म भरावा लागेल."

"द्या की मंग," मामा म्हणाले. "पाच मिनिटाचं काम हाय."

"फॉर्म संपलेत."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. माझा खण अर्धा उघडा होता. आत फॉर्मांचा नवा गठ्ठा सुतळीसकट होता.

"साहेब, बाई रोहिणखेडवरून आली," ते हळू म्हणाले. "आज जाऊ द्या. आकडे याच कागदावर लिवून देतो."

"नियमात बसत नाही."

झुलेखाबी गजांना धरून उभ्या होत्या. "काय झालं, मामू? काऊन घेऊन नाही राह्यले?"

मामा त्यांच्याकडे वळले. "मायी चूक झाली, माय. नग लिवाचे राहून गेले मायाच्यानं. तू पुढच्या बाजाराले ये. पार्सल माह्यापाशी राहू दे."

त्या गेल्या. पुढच्या बाजाराला पाऊस लागला, नाल्याला पूर आला, रोहिणखेडची गाडीच आली नाही. आणि त्यानंतरच्या बाजाराच्या आत पाकिस्तानशी लढाई पेटली. त्या देशाचं टपाल बंद झाल्याचं पत्रक आमच्या पोस्टात आलं. ते फळ्यावर मीच चिकटवलं.

झुलेखाबी आल्या तेव्हा मी आत होतो आणि मला सगळं ऐकू येत होतं. त्या ओरडल्या नाहीत. "तुमच्या एका चुकीपायी माही पोर उघडी राह्यली, मामू," एवढंच म्हणाल्या. "तिकडं आता ना चिठ्ठी जाऊन राह्यली, ना काही. जिती हाय का मेली, तेही समजत नाही." मामा म्हणाले, "हाव, माय. मायीच चूक हाय."

त्यानंतर रोहिणखेडचे लोक मामांकडे यायचे बंद झाले. मग आजूबाजूच्या खेड्यांतलेही कमी झाले. गोदीमामा आता म्हातारे झाले, विसरतात, असं लोक म्हणू लागले. माझ्या खिडकीशी विचारणारी माणसं वाढली. जे चार वर्षं हवं होतं ते मला मिळालं, आणि मी ते घेतलं. मामा रोज यायचे, पोतं अंथरायचे, सुया मांडायचे. पुष्कळदा दिवसभरात एक पार्सलही नसे. झुलेखाबींचं पार्सल त्यांच्या शेजारी, एका स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं असायचं. तरी माझा हेवा गेला नव्हता. आता मला हे सहन होत नव्हतं, की हा माणूस खरं सांगून मोकळा का होत नाही.

थंडीत एके दिवशी पार्सलाच्या रांगेत झुलेखाबी दिसल्या. त्यांच्या मागे माझी बायको उभी होती. झुलेखाबींनी पार्सल पुढे केलं. कापड नवं होतं, शिवण तीच, मामांची. पत्ता विलायतेचा होता, माझ्या मेहुण्याचा. फॉर्मवर लिहिलं होतं: झबली सहा, टोपरी दोन, दुलई एक. विलायतेहून कराचीचं टपाल चालू होतं. तिथून तो दुसऱ्या पार्सलानं पुढे पाठवणार होता. हे बायकोला सुचलं होतं. तिनं भावाला लिहून विचारलं होतं, त्याचा होकार आल्यावर मामांना सांगितलं होतं, मामांनी रोहिणखेडला निरोप धाडला होता. महिनाभर हे चाललं होतं आणि मला कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखा मी राहिलो नव्हतो.

मी पार्सल तराजूवर ठेवलं. बायको माझ्याकडे पाहत होती. तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते मला आजही ठाऊक नाही.

"झुलेखाबी," मी म्हणालो, "त्या दिवशी फॉर्म संपले नव्हते. माझ्या खणात होते. मी दिले नाहीत."

झुलेखाबींना आधी समजलंच नाही. मग समजलं. फक्त विचारलं, "मंग मामूनं काऊन नाही सांगतलं?" आणि उत्तराची वाट न बघता, पावती न घेता त्या व्हरांड्यात गेल्या. मामांच्या समोर पोत्यावर बसल्या आणि डोक्यावरचा पदर डोळ्यांना लावला. थोड्या वेळानं समोरच्या हॉटेलातून दोन कप चहा आला. मी गजांतून पाहत होतो. माझी बायको पावती घेऊन बाहेर गेली, तिलाही त्यांनी बसवून घेतलं, आणखी एक कप आला. मी आत पार्सलं मोजत राहिलो. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात, मला तसं काही वाटलं नाही. मला त्या चहाचा हेवा वाटला.

संध्याकाळी मी मामांजवळ जाऊन उभा राहिलो. ते सुया पुसून डबीत ठेवत होते.

"मामा, तुम्हाला तेव्हाच माहीत होतं ना?"

"हाव. आदल्या दिवशी तो गठ्ठा टपालगाडीतून मीच त उतरवला."

"मग माझं नाव का नाही घेतलं?"

त्यांनी डबीचं झाकण लावलं. "पार्सल तुमच्याच खिडकीतून जाते, साहेब. चारचौघात तुमाले खोटं पाडलं असतं, त उद्या त्या बाईचं पार्सल घेतलं असतं तुमी? अजून दहा चुका काढल्या असत्या. मले तुमचं काय करायचं होतं? मले पार्सल धाडायचं होतं."

त्यांनी मोठं मन करून मला माफ केलं असतं तर मी ते कसंबसं सोसलं असतं. पण त्यांनी माझा विचारच केला नव्हता. माझ्या मनात चार वर्षं ज्या माणसाशी शर्यत चालली होती, तो शर्यतीत नव्हताच.

कराचीचं उत्तर विलायतेमार्गे आलं तेव्हा पुढचा उन्हाळा सरत आला होता. मुलगा झाला होता, आणि तो चांगला आठ-नऊ महिन्यांचा होऊन रांगत होता. झबली त्याला लहान झाली होती, टोपरी डोक्यात जात नव्हती, पण दुलईशिवाय तो झोपत नाही, असं लेकीनं कळवलं होतं. झुलेखाबींनी ते पत्र व्हरांड्यात सगळ्यांकडून वाचून घेतलं. रोहिणखेडचे लोक पुन्हा यायला लागले. पण तोवर मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शिवण बोटांनी चाचपत करायचे. पत्ते त्यांना लिहिता येईनात. ते लोकांना म्हणू लागले, "पत्ता आत साहेबाजवळून लिवून आना. त्याईचं अक्षर बेस हाय." लोक यायचे, आणि मी लिहायचो. मामांनी पाठवलंय म्हणून ते येतात, हे मला ठाऊक होतं. तरी माझ्या अक्षराबद्दल त्यांना माहीत होतं, याचं नवल वाटलं.

अखेर त्यांना भुसावळला पुतण्याकडे जाऊन राहावं लागलं. जायच्या आधी ते आमच्या घरी आले. त्या दिवशी बायकोचं भावासाठीचं पार्सल तयार होतं. या खेपेला ते मी शिवलं होतं, कारण मामांच्यानं आता होणार नव्हतं. संध्याकाळभर बसून शिवलं होतं आणि मला ते चांगलं जमलंय असं वाटत होतं. मामांनी ते मांडीवर घेतलं, कानाला लावलं. मग शिवणीवरून अंगठा फिरवत गेले आणि एका कोपऱ्यात थांबले. "या दोन टाक्याईत बोट जाते. उसवा."

बायकोच्या देखत मी उसवलं. मनात तोच जुना जाळ उठला. मामा शेजारी बसून माझ्या हातावर हात ठेवून सांगत होते, दोरा इकडून वढा, आता गाठ आतून घ्या. त्यांचा हात खरखरीत आणि गरम होता. सगळी बाजू पुन्हा शिवून झाली तेव्हा त्यांनी परत अंगठा फिरवला आणि पार्सल बायकोच्या हातात दिलं. "जाईल आता हे," म्हणाले.

दिवाळीच्या थोडं आधी भुसावळहून त्यांच्या पुतण्याचं कार्ड आलं. मामा गेले होते. झोपेतच गेले, असं लिहिलं होतं. बायको दोन दिवस नीट जेवली नाही. मी खिडकीवर गेलो, काम केलं. व्हरांड्यात त्या जागी कुणीतरी सायकल लावली होती. मी ती उचलून दुसरीकडे ठेवली.

आठ-पंधरा दिवसांनी मेहुण्याचं पत्र आलं. पार्सल जसंच्या तसं मिळालं, लोणच्याच्या बरणीला ओरखडासुद्धा नाही, आणि खाली एक ओळ: 'शिवण बघूनच ओळखलं. मामांना माझा नमस्कार सांग, या वयातही त्यांचा हात तसाच आहे.'

बायकोनं ते मला वाचून दाखवलं आणि उत्तराचा कागद पुढ्यात घेऊन बसली. लेखणी हातात, पण लिहीना. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "काय लिहू हो? मामा गेले ते त लिवतोच. पन पार्सल कोणी शिवलं ते?"

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी गोदीमामा समजलं होतं. ते पत्र मी पुन्हा हातात घेतलं, ती ओळ पुन्हा वाचली.

"मामांनीच शिवलं म्हणून लिही," मी म्हणालो.